स्क्रिप्टची पहिली ओळ: उबंटूवर चालते, मॅकवर अडते, एनएएसवर सापडतच नाही

दूधगंगाकाठ | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. कागल तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेचं संगणकाचं काम मी बघतो. सकाळ-संध्याकाळचं संकलन झालं की लिटर, फॅट आणि एसएनएफची सीएसव्ही फाइल तयार होते. दर दहा दिवसांनी तिच्यावरून उत्पादकांची बिलं निघतात. त्यासाठी मी दोन स्क्रिप्ट लिहिल्यात. बॅश या शेलच्या (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) भाषेतली 'बिल.एसएच' दहा दिवसांच्या फायली गोळा करते, आणि पायथनमधली 'दर.पीवाय' म्हैस-गाय असं वेगळं दरपत्रक लावून हिशेब करते.

संस्थेच्या उबंटू पीसीवर दोन वर्षं बिनबोभाट चाललं. पीसी जुना झालाय, बंद पडला तर बिलं अडायला नकोत म्हणून आणखी दोन ठिकाणी सोय करायला घेतली आणि तिथंच गाडी रुतली.

एक, पुतणीचं मॅकबुक. तिथं 'बिल.एसएच' सुरू होते आणि 'डिक्लेअर -ए: इनव्हॅलिड ऑप्शन' म्हणून थांबते (ए मोठ्या लिपीतला). दोन, राजारामपुरीतल्या मित्राच्या दुकानातला बॅकअपचा एनएएस, म्हणजे नेटवर्कवर फायली साठवणारी पेटी; तो फ्रीबीएसडी या युनिक्स जातीच्या सिस्टिमवर आहे. तिथं तर 'नॉट फाउंड' म्हणतो. फाइल समोर दिसते, परवानगी दिलीय, तरी नॉट फाउंड. अर्धा दिवस मी फाइलचं नाव तपासत बसलो.

पहिली ओळ दोन्हीकडं अशी आहे:

#!/बिन/बॅश

(कमांड इथं देवनागरीत लिहितोय, मशीनवर अर्थातच रोमन अक्षरांत.) ही ओळ नेमकी कशी लिहावी म्हणजे सगळीकडं चालेल?

---

पेठकरी | सोमवार, रात्री १०:१५

भावा, दोन वेगळी दुखणी आहेत, एका गोळीनं बरी होणार नाहीत.

आधी एनएएसचं. तू स्क्रिप्ट नावानं चालवतोस तेव्हा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, फाइलचे पहिले दोन बाइट बघतो. ते '#!' असले की पुढचा पाथ हा इंटरप्रिटर समजून तो प्रोग्रॅम सुरू करतो आणि तुझ्या फाइलचं नाव त्याच्या हातात देतो. फ्रीबीएसडीच्या मूळ सिस्टिममध्ये बॅश नसतो. पॅकेजमधून घेतला तर तो '/यूएसआर/लोकल/बिन/बॅश' इथं बसतो. म्हणजे 'नॉट फाउंड' हे तुझ्या फाइलबद्दल नाहीच. पहिल्या ओळीतला बॅश सापडत नाही, आणि निरोप मात्र असा येतो की माणूस स्वतःची फाइल शोधत बसतो. तुझा अर्धा दिवस त्यातच गेला. माझेही असे बरेच गेलेत.

मॅकवर '/बिन/बॅश' आहे, पण ३.२. बॅशचा परवाना ४.० पासून जीपीएल ३ झाला, तेव्हापासून ॲपलनं तो पुढं नेला नाही. २०१९ पासून तर मॅकवर मूळ शेलच झेडएसएच आहे. तू 'डिक्लेअर -ए' नं केलेले असोसिएटिव्ह ॲरे (नावानं शोधता येणाऱ्या याद्या) बॅश ४.० मध्ये, २००९ साली आले. पाथ बरोबर आहे, पण त्या जागी बसलेला बॅश तुझ्या कामाचा नाही.

पाथ सापडणं आणि त्या पाथवर हवी ती आवृत्ती असणं, हे दोन प्रश्न वेगळे धर. सगळी गल्लत तिथंच होते.

---

पंचगंगाघाट | सोमवार, रात्री १०:४२

दादा, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही सरळ हे लिहितो:

#!/यूएसआर/बिन/एन्व्ह बॅश
#!/यूएसआर/बिन/एन्व्ह पायथन३

'एन्व्ह' हा छोटा प्रोग्रॅम पाथ व्हेरिएबलमधल्या फोल्डरमध्ये क्रमानं शोधतो आणि पहिला जो बॅश सापडेल तो चालवतो. लिनक्स, मॅक, फ्रीबीएसडी, तिन्हीकडं एन्व्ह '/यूएसआर/बिन' मध्येच असतो. निक्सओएस या लिनक्सवर '/बिन/बॅश' नसतो, पण '/यूएसआर/बिन/एन्व्ह' तिथंही मुद्दाम ठेवलेला आहे. मॅकवर होमब्रू या पॅकेज बसवणाऱ्या हत्यारानं नवा बॅश घ्या. तो इंटेल मॅकवर '/यूएसआर/लोकल/बिन' मध्ये जातो, एम१ पासूनच्या मॅकवर '/ऑप्ट/होमब्रू/बिन' मध्ये. असे दोन वेगळे पाथ कुठं लिहीत बसणार? एन्व्ह दोन्ही शोधतो.

आणि 'पायथन' नको, 'पायथन३' च लिहा. उबंटू २०.०४ पासून नुसती 'पायथन' कमांड मुळात येत नाही, आणि मॅक १२.३ मधून पायथन २.७ काढूनच टाकलं.

---

दूधगंगाकाठ | मंगळवार, रात्री ८:०५

पेठकरी दादा, पंचगंगाघाट, दोघांचेही मनापासून आभार. एनएएसवर मित्रानं बॅशचं पॅकेज घातलं, मॅकवर होमब्रूचा बॅश आला, दोन्ही स्क्रिप्टना एन्व्हची ओळ लावली. तिन्हीकडं चाललं! संस्थेच्या पीसीवरही हातानं चालवून बघितलं, व्यवस्थित. परवा २१ तारीख, बिलाचा दिवस.

---

दूधगंगाकाठ | गुरुवार, सकाळी ९:२०

मंडळी, अडचण झाली. पीसीवर पहाटे साडेचारला क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारी सोय) बिलं निघतात. आज निघाली नाहीत. नोंदीत 'मॉड्यूल नॉट फाउंड एरर' आहे, बिलाची पीडीएफ करणारी लायब्ररी सापडत नाही म्हणे. तीच स्क्रिप्ट मी टर्मिनलवरून चालवली तर चालते. सकाळचं दूध घालून माणसं बिलासाठी थांबली होती. शेवटी हातानं चालवून बिलं दिली, पण पाऊण तास गेला. त्यात एक आजी रोज चालत येतात, त्यांना दोनदा यावं लागलं. त्याचं फार वाईट वाटलं.

पूर्वी पायथनची ओळ '#!/यूएसआर/लोकल/बिन/पायथन३' अशी होती. पायथन ३.११ मी स्वतः तिथं बांधून बसवलं होतं, लायब्ररी त्यातच आहेत.

---

हुपरीकर | गुरुवार, सकाळी ११:०२

दादा, कारण तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांतच आहे.

तुम्ही टर्मिनलवर असता तेव्हा पाथमध्ये '/यूएसआर/लोकल/बिन' आधी येतं, म्हणून एन्व्हला तुमचं ३.११ मिळतं. क्रॉन तुमची लॉगिन फाइल वाचत नाही. उबंटू-डेबियनवर त्याचा पाथ ठरलेला असतो: '/यूएसआर/बिन:/बिन'. तिथं एन्व्हला उबंटूचं स्वतःचं पायथन मिळालं, ज्यात तुमची लायब्ररी नाही. सुडोनं, म्हणजे ॲडमिनच्या अधिकारानं, चालवलं तरी हाच प्रकार होऊ शकतो, कारण सुडोच्या सेटिंगमध्ये त्याचा वेगळा पाथ ठरवून दिलेला असतो.

इथं एन्व्हचा स्वभाव ध्यानात घ्या. पक्का पाथ चुकला तर स्क्रिप्ट सुरूच होत नाही. एन्व्हचा पाथ चुकला तर दुसराच इंटरप्रिटर मुकाट्यानं सुरू होतो. तुमच्याकडं लायब्ररी नव्हती म्हणून निदान आरडाओरडा झाला. दोन्ही पायथनमध्ये लायब्ररी असती आणि आवृत्ती वेगळी असती, तर हिशेब झाला असता आणि कशानं झाला ते कळलंच नसतं. पैशाच्या हिशेबात मला हे चालत नाही.

आज करायचं ते एवढंच. क्रॉनटॅबच्या, म्हणजे क्रॉनच्या यादीच्या, वर ही ओळ टाका:

पाथ=/यूएसआर/लोकल/बिन:/यूएसआर/बिन:/बिन

किंवा त्याहून बरं, पायथनला पूर्ण पाथनं बोलवा: '/यूएसआर/लोकल/बिन/पायथन३' आणि पुढं स्क्रिप्टचं नाव. असं बोलावलं की पहिल्या ओळीला कुणी विचारतच नाही, पायथनच्या दृष्टीनं ती नुसती टिप्पणी. मात्र 'बिल.एसएच' च्या आत 'दर.पीवाय' कशी बोलावलीय तेही बघा. आत नुसतं नाव असेल तर तिथं पुन्हा शेबँगच, म्हणजे '#!' ची ती पहिली ओळच, लागू होते.

---

पंचगंगाघाट | गुरुवार, दुपारी १:३०

माझ्या सल्ल्यामुळं बिलं अडली, दादा, माफ करा. क्रॉनचं मला माहीत नव्हतं. पण ताई, मग पक्का पाथ लिहिला की पुन्हा मॅक आणि एनएएसवर मोडणार. मूळ प्रश्न तिथंच राहिला ना?

---

हुपरीकर | गुरुवार, दुपारी २:१५

माफी कशाला, तुझा सल्ला चुकीचा नव्हता. तो अर्ध्या जागांना लागू होता, एवढंच.

मूळ फाइलमध्ये एकच पाथ सगळ्यांसाठी लिहायचा हा हट्ट सोडला की उत्तर मिळतं. पाथ लिहायची वेळ बसवताना. पॉसिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमच्या मानकानं तर '#!' चं वर्तन ठरवूनच दिलेलं नाही, आणि 'एसएच' कुठल्या फोल्डरमध्ये असेल याचीही हमी दिलेली नाही. त्यात सुचवलंय तेही हेच, की बसवताना त्या मशीनवरचा पाथ शोधा आणि पहिल्या ओळीत भरा.

मूळ फाइलची ('दर.पीवाय.इन') पहिली ओळ अशी ठेवा:

#!@पायथन@

आणि बसवणाऱ्या छोट्या स्क्रिप्टमध्ये:

पीवाय=$(कमांड -व्ही पायथन३)
सेड "१एस|@पायथन@|$पीवाय|" दर.पीवाय.इन > दर.पीवाय
सीएचमॉड +एक्स दर.पीवाय

प्रत्येक मशीनवर ही एकदा चालवायची. माणूस समोर बसलेला असतो, कोणतं पायथन निवडलं ते डोळ्यांनी दिसतं. 'सेड -आय' (त्याच फाइलमध्ये बदल करणारं) मी मुद्दाम टाळलंय. मॅकच्या सेडला त्या -आय पुढं रिकामं अवतरण लागतं, लिनक्सच्या सेडला ते चालत नाही. पाथ एकसारखे करायला जावं आणि सेडवर अडावं, असं व्हायचं.

पायथनची पॅकेजं बसवणारं पिप हेच करतं. पॅकेजच्या आत स्क्रिप्टची पहिली ओळ नुसती '#!पायथन' असते, बसवताना तिच्या जागी त्या पायथनचा पूर्ण पाथ जातो. म्हणूनच व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचं (एका कामापुरतं वेगळं ठेवलेलं पायथन) फोल्डर दुसरीकडं हलवलं की त्यातल्या कमांड मोडतात. फेडोराच्या पॅकेजांमध्ये तर एन्व्हची शेबँग वापरायचीच नाही असा नियम आहे. वापरणाऱ्यानं घरी दुसरं पायथन बसवलं म्हणून सिस्टिमची हत्यारं बिघडू नयेत, हा त्यामागचा विचार.

---

भट्टीवाला | गुरुवार, रात्री ९:१०

शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मेंटेनन्सला आहे. एन्व्हचा विषय निघालाय तर आमचाही अनुभव सांगतो.

भट्टीच्या तापमानाचे आकडे पायथन स्क्रिप्टमधून पाइपनं पुढं पाठवतो. पाइपमध्ये पायथन आकडे साठवून एकदम सोडतं, पडद्यावर उशिरा दिसतात. धातू ओतायची वेळ आल्यावर जुना आकडा बघून काय करायचं? म्हणून '-यू' लावलं:

#!/यूएसआर/बिन/एन्व्ह पायथन३ -यू

ज्यानं लिहून दिलं त्याच्या मॅकवर चाललं. आमच्या लिनक्सवर मात्र 'पायथन३ -यू' नावाची फाइल सापडत नाही म्हणून अडलं. लिनक्सचा कर्नल इंटरप्रिटरच्या पुढचं सगळं एकच आर्ग्युमेंट म्हणून देतो, मधली जागा तोडत नाही. मॅक तोडतो. फ्रीबीएसडीही पूर्वी तोडायचा, ६.० पासून लिनक्ससारखा झाला.

यावर 'एन्व्ह -एस' आहे, तो स्वतः तुकडे करतो. पण लिनक्सवरचा एन्व्ह ज्यात येतो त्या जीएनयू कोअरयूटिल्समध्ये तो ८.३० पासून आला, २०१८ साली. आमच्या एका पीसीवर उबंटू १८.०४ होतं, त्यात ८.२८. तिथं पुन्हा अडलं. शेवटी शेबँगमधून -यू काढलं आणि प्रोग्रॅममध्येच प्रत्येक 'प्रिंट' ला 'फ्लश' लावला. आता कुठंही न्या, चालतं.

---

जुनायुनिक्सवाला | गुरुवार, रात्री १०:३०

भट्टीवाले, योग्य केलंत. हाच नियम '#!/बिन/बॅश -ई' ला लावा. कुणी 'बॅश बिल.एसएच' असं चालवलं की पहिली ओळ टिप्पणी होते आणि -ई गळून पडतं. मग मधली कमांड चुकली तरी स्क्रिप्ट पुढं जात राहते. बिलाच्या स्क्रिप्टमध्ये हे फार धोक्याचं. 'सेट -ई' दुसऱ्या ओळीवर लिहावं, ते कसंही चालवलं तरी लागू होतं.

मी निवृत्त झालो, पण या ओळीवर माझा जीव आहे. '#!' कर्नलमध्ये डेनिस रिची यांनी आणलं, जानेवारी १९८० मध्ये, बेल लॅब्जमध्ये, सातव्या आवृत्तीच्या युनिक्सनंतर. त्याआधी कर्नलला स्क्रिप्ट म्हणजे काय ते कळतच नव्हतं. फाइल चालवता येत नाही असा नकार मिळाला की शेलच ती स्वतः वाचायला घ्यायचा. शेलमधून बोलावलं तरच स्क्रिप्ट चालायची. या दोन अक्षरांनी स्क्रिप्टला खऱ्या प्रोग्रॅमच्या पंक्तीत बसवलं. कोण बोलावतंय, क्रॉन की दुसरा प्रोग्रॅम, याचा फरक उरला नाही. तो गुण टिकवायचा असेल तर पहिल्या ओळीवर वेळ घालवलाच पाहिजे.

आणि 'बिल.एसएच' ला बॅश खरंच हवा आहे का? फायली गोळा करायला साधा '#!/बिन/एसएच' पुरतो. लिनक्स, मॅक, बीएसडी, अल्पाइन लिनक्स, सगळीकडं '/बिन/एसएच' असतोच.

---

पेठकरी | गुरुवार, रात्री १०:५५

काका, पटतं, पण एक इशारा जोडतो. '#!/बिन/एसएच' लिहायचं आणि आत बॅशची भाषा बोलायची, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. उबंटूवर २००६ पासून आणि डेबियनवर २०११ पासून '/बिन/एसएच' म्हणजे डॅश हा छोटा शेल. अल्पाइनवर बिझीबॉक्सचा ॲश. डॅशला दुहेरी चौकटी कंस कळत नाहीत, ॲरे कळत नाहीत. मॅकवर मात्र 'एसएच' च्या मागं बॅशच असतो, तिथं ते खपून जातं आणि माणसाला वाटतं आपलं बरोबर आहे. एसएच लिहायचं तर 'डॅश -एन' नं वाक्यरचना बघा आणि शेलचेक लावा, तो पहिली ओळ वाचून त्याप्रमाणं चुका दाखवतो.

आणि '#!/यूएसआर/बिन/एसएच' लिहू नका. फेडोरानं २०१२ ला '/बिन' आणि '/यूएसआर/बिन' एक केले, इतरांनीही पुढं केले, म्हणून आजच्या लिनक्सवर ते चालतं. मॅकवर त्या जागी एसएच नाही.

---

जुनायुनिक्सवाला | गुरुवार, रात्री ११:२०

बरोबर. सोलॅरिस १० या जुन्या युनिक्सवर तर '/बिन/एसएच' हा जुना बोर्न शेल होता, '$( )' सुद्धा कळत नसे. पॉसिक्सचा शेल '/यूएसआर/एक्सपीजी४/बिन/एसएच' मध्ये. आता तशी मशीनं क्वचित, आपल्या दूध संस्थेत तर नाहीच. तेवढ्यासाठी अडून बसू नये.

---

दूधगंगाकाठ | शनिवार, रात्री ९:००

काकांचं ऐकलं. 'बिल.एसएच' दोन संध्याकाळी बसून साध्या शेलमध्ये लिहिली. असोसिएटिव्ह ॲरे मी फक्त म्हैस-गाय वेगळं करायला वापरला होता, तिथं 'केस' पुरला. ताईंची बसवायची स्क्रिप्टही केली. मॅक आणि एनएएसवर ठीक.

पीसीवर मात्र आज नवीनच:

एन्व्ह: 'पायथन३\आर': नो सच फाइल ऑर डिरेक्टरी

ही तिसरीच छोटी स्क्रिप्ट आहे, उत्पादकांची यादी छापणारी, तिला एन्व्हची ओळ ठेवलीय. काल सचिवांच्या विंडोज लॅपटॉपवर तिच्यात दोन नवी नावं घातली, बाकी काही केलं नाही.

---

पेठकरी | शनिवार, रात्री ९:१८

तो '\आर' म्हणजेच विंडोज. विंडोजवर ओळीच्या शेवटी दोन अक्षरं जातात, युनिक्सवर एकच. जादाचं अक्षर इंटरप्रिटरच्या नावाला चिकटतं, आणि 'पायथन३' च्या मागं न दिसणारं शेपूट असलेला प्रोग्रॅम जगात कुठंच नाही. बघायला:

हेड -१ यादी.पीवाय | ओडी -सी

शेवटी '\आर \एन' दिसेल. डॉसटूयुनिक्स चालव. गिट वापरत असशील तर '.गिटॲट्रिब्यूट्स' मध्ये '*.एसएच' आणि '*.पीवाय' ला 'ईओएल=एलएफ' लाव, म्हणजे सचिवांच्या लॅपटॉपवरही युनिक्सच्याच ओळी राहतील.

आणखी एक. नावं मराठीत आहेत, म्हणजे फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन केली असणार. जुनं नोटपॅड यूटीएफ-८ च्या सुरुवातीला तीन बाइटची खूण घालतं. ते तीन बाइट '#!' च्या आधी बसले की कर्नलला पहिले दोन बाइट ओळखू येत नाहीत. मग शेल तीच पायथनची फाइल शेलची समजून वाचतो आणि 'इम्पोर्ट: कमांड नॉट फाउंड' म्हणतो. इमेजमॅजिक बसवलेलं असेल तर त्याची 'इम्पोर्ट' नावाचीच कमांड आहे, पडद्याचं चित्र काढणारी. मग एररही येत नाही, माउसचा बाण फुलीसारखा होतो आणि कुणाला काही उमगत नाही. त्याच ओडीमध्ये ओळीची सुरुवातही बघ.

---

दूधगंगाकाठ | शनिवार, रात्री ९:५०

'\आर' होताच. खूण नव्हती, त्या लॅपटॉपवर विंडोज नवीन आहे. सचिवांना आता नावांची वेगळी सीएसव्ही करून दिली, स्क्रिप्टला त्यांनी हातच लावायचा नाही असं दोघांनी ठरवलं.

---

दूधगंगाकाठ | १ तारीख, सकाळी ८:४५

साडेचारला बिलं निघाली. मी चारलाच संस्थेत येऊन बसलो होतो, नोंद उघडी ठेवून. ताईंच्या सांगण्यावरून स्क्रिप्टच्या सुरुवातीला एक ओळ घातली, कोणतं पायथन चालतंय त्याचा पाथ आणि आवृत्ती नोंदीत छापणारी. आज तिथं '/यूएसआर/लोकल/बिन/पायथन३' आणि ३.११ दिसलं. मग मॅकवर आणि एनएएसवर त्याच फायलींवरून बिलं काढली आणि फरक दाखवणारा 'डिफ' लावला. हिशेबात एका पैशाचा फरक नाही. आजींना बिल पहिल्या खेपेतच मिळालं.

आता पुढचं. पलीकडच्या वाडीवरच्या संकलन केंद्रात पीसी नाही, पोराच्या अँड्रॉइड फोनवर टर्मक्स हे टर्मिनलचं ॲप आहे. तिथं '/बिन/एसएच' असतो का?

---

पंचगंगाघाट | १ तारीख, सकाळी ९:३०

दादा, हे मला नक्की माहीत आहे, मी रोज वापरतो. टर्मक्सचं सगळं त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असतं, '/डेटा/डेटा/कॉम.टर्मक्स/फाइल्स/यूएसआर/बिन' मध्ये. '/यूएसआर/बिन/एन्व्ह' सुद्धा तिथं मुळात नाही. 'टर्मक्स-एक्झेक' नावाचं पॅकेज असे पाथ चालवताना वळवून घेतं, आणि 'टर्मक्स-फिक्स-शेबँग' फाइलमधली ओळच बदलून देतं. पण ताईंची बसवायची स्क्रिप्ट असेल तर दोन्हींची गरज नाही. ती 'एसएच बसवा.एसएच' अशी चालवा, 'कमांड -व्ही' तिथला खरा पाथ आपोआप भरेल. 'बिल.एसएच' लाही वर '@एसएच@' ठेवा, ती फोनवर तशीच लागेल.

आणि फाइल फोनच्या डाउनलोडमध्ये ठेवू नका, टर्मक्सच्या होममध्ये ठेवा. डाउनलोडच्या फोल्डरमधून काही चालवायची परवानगीच अँड्रॉइड देत नाही, तिथं पहिली ओळ कितीही बरोबर असली तरी 'परमिशन डिनाइड' येतं. रविवारी मी कागलला येणार आहे, वाडीवर जाऊन लावून देतो.